फाटकाच्या आतली शाळा

सिनेमावाल्यांच्या तोंडी जो 'कर्जतचा स्टुडिओ' असतो, तो कर्जत तालुक्यात नाही. तो खालापूर तालुक्यात आहे. चौकजवळ, हातनोलीच्या शिवारात. मुंबईहून जुन्या पुणे रस्त्याने पनवेल मागे टाकले, की डाव्या हाताला इर्शाळगडाचे नेढे दिसू लागते आणि पुढे थोड्याच अंतरावर हा स्टुडिओ येतो. कर्जतला रेल्वेचे मोठे स्टेशन आहे, बटाटेवड्याची कीर्ती आहे, मुंबईकरांची फार्महाउसे आहेत. म्हणून नाव कर्जतचे झाले असावे. खालापूरच्या वाट्याला टोलनाका आला. असो. प्रश्न नावाचा नाही. या स्टुडिओच्या फाटकातून आत कोण, कशासाठी जाते, हा आहे.

कलादिग्दर्शक नितीन चंद्रकांत देसाई यांनी २००५ साली, सुमारे पन्नास एकरांवर, हा एन. डी. स्टुडिओ उभा केला. 'जोधा अकबर'साठी आग्र्याचा किल्ला येथे उभा राहिला. 'राजा शिवछत्रपती' मालिकेसाठी रायगडाचा दरबारही येथेच सजला. खरा रायगड याच जिल्ह्यात असताना! ज्या शिवारात भाताची खाचरे होती तेथे मोगल आणि मराठे शेजारी-शेजारी नांदू लागले. पुढची हकिगत दुःखाची आहे. कर्जाचा डोंगर २५२ कोटींवर गेला, जुलै २०२३ मध्ये प्रकरण राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने दिवाळखोरीच्या प्रक्रियेत घेतले आणि २ ऑगस्ट २०२३ रोजी देसाई यांनी याच स्टुडिओत आपले जीवन संपवले. त्यानंतर २०२५ साली स्टुडिओची सूत्रे महाराष्ट्र चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास महामंडळाकडे, म्हणजे गोरेगावची चित्रनगरी चालवणाऱ्या सरकारी संस्थेकडे आली.

एका कलावंताचे खासगी स्वप्न होते तोवर तेथे कुणाला शिकवायचे आणि कुणाला नाही, हा त्याचा प्रश्न होता. आता ती सार्वजनिक मालमत्ता आहे. तेव्हा कर्जत-खोपोलीच्या कॉलेजात माध्यमांचा अभ्यास करणाऱ्या, करू इच्छिणाऱ्या मुलामुलींनी 'आमचे काय?' असे विचारले, तर ते आगाऊपणाचे ठरू नये.

पंधरा दिवसांतल्या दोन बातम्या

वाचकांना २०२३ चा तो पावसाळा आठवत असेल. १९ जुलैच्या रात्री इर्शाळगडाच्या पोटातली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. सत्तावीस मृतदेह सापडले, सत्तावन्न माणसे बेपत्ता राहिली आणि चार दिवसांनी शोध थांबवावा लागला. वाहिन्यांच्या गाड्यांची चौक परिसरात रीघ लागली. त्या परतल्या न परतल्या तोच, जेमतेम पंधरा दिवसांत, पुन्हा त्याच रस्त्याने आल्या. या वेळी स्टुडिओच्या फाटकाशी. दोन्ही वेळा गोष्ट इथली होती आणि ती सांगणारे बहुतेक सारे बाहेरून आलेले होते. स्थानिक वार्ताहरांनी आपले काम केलेच, पण पडद्यावरचे निवेदन, कॅमेऱ्याची चौकट, कुठल्या आईच्या रडण्यावर किती सेकंद थांबायचे याचा निर्णय, हे सारे मुंबईतल्या कार्यालयांतून होत होते. दरडीत वाचलेल्या ठाकर समाजातल्या माणसाशी कसे बोलावे, त्याच्या बोलीतला कुठला शब्द त्याला धीर देतो, हे ज्या मुलाला घरबसल्या ठाऊक असते, त्याच्या हाती माइक असता तर बातमी वेगळी झाली असती की नाही? माझ्या मते झाली असती.

या मुलखाला आपले दुसऱ्याला देण्याची सवय जुनी आहे. खोपोलीला टाटांचे जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झाले, तेव्हा त्या विजेवर आधी मुंबईच्या गिरण्या फिरल्या. चौकजवळच्या मोरबे धरणाचे पाणी नवी मुंबईच्या नळांना जाते. खोपोली-पाली रस्त्यावरचे 'इमॅजिका' हे उद्यान २०१३ साली उघडले, ते 'ॲडलॅब्ज'चे मनमोहन शेट्टी यांनी काढले. म्हणजे तेही सिनेमाच्या धंद्यातल्याच माणसाचे. तालुक्यातल्या तरुणांना अशा ठिकाणी नोकऱ्या मिळतात, नाही असे नाही. स्टुडिओच्या जगातही त्यांच्या वाट्याला येते ते काम बहुधा पहाऱ्याचे, बागेचे, सामान हलवण्याचे, गर्दीच्या प्रसंगात पागोटे बांधून उभे राहण्याचे. यातले कुठलेही काम हलके नाही. पण सेटवर वीस वर्षे वावरलेला माणूस सेट कसा बांधतात हे न शिकताच निवृत्त होत असेल, तर कुठेतरी दोरी तुटलेली आहे.

हाताखाली शिकण्याची परंपरा

हा धंदा आपल्याकडे शिकला गेला तो दुसऱ्याच्या हाताखाली. दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनला गेले, तेव्हा त्यांच्याकडे ओळखीची पत्रे नव्हती. 'बायोस्कोप' साप्ताहिकाच्या संपादकांनी त्यांना सेसिल हेपवर्थ या निर्मात्याकडे नेले आणि हेपवर्थने आपला स्टुडिओ या अनोळखी हिंदी माणसाला आतून दाखवला. पुढच्याच वर्षी 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. फाळके परत आल्यावर त्यांच्या घरात जी शाळा भरली तिच्या पहिल्या विद्यार्थिनी सरस्वतीबाई. फिल्मच्या कडेला भोके पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामे त्या शिकल्या, आणि तेही साऱ्या मंडळींचा स्वयंपाक सांभाळून! भारतीय सिनेमाच्या पहिल्या तंत्रज्ञ स्त्रीचे नाव आपल्या किती माध्यम-अभ्यासक्रमांत शिकवले जाते, कोण जाणे.

कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत विष्णुपंत दामले, फत्तेलाल आणि १९२० साली आलेला तरुण शांताराम वणकुद्रे असेच पडेल ते काम करत घडले. पेंटर हे चित्रकार, शिल्पकार, यंत्र खोलून जोडणारे. त्यांच्याकडे शिकणाऱ्याला 'मी फक्त कॅमेरा करणार' असे म्हणण्याची सोयच नव्हती. या तिघांनी आणखी दोघांसह १९२९ साली 'प्रभात' काढली, १९३३ साली ती पुण्याला नेली. दामले-फत्तेलाल यांचा 'संत तुकाराम' १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. त्याच प्रभातमध्ये चाळीसच्या दशकात गुरुदत्त नावाचा मुलगा सहाय्यक म्हणून राबत होता. प्रभात मिटली आणि १९६० साली त्याच जागेवर फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली. १९७४ साली दिल्लीहून दूरदर्शनचे प्रशिक्षणही तेथे आले. बंद पडलेल्या स्टुडिओची शाळा होऊ शकते, आणि चांगली शाळा होऊ शकते, याचा दाखला शोधायला आपल्याला परदेशी जावे लागत नाही. लॉ कॉलेज रस्त्याला जावे.

देसाई स्वतः याच परंपरेतले. मूळचे कोकणातले, दापोलीकडचे. १९८७ साली ते नितीश रॉय यांच्या कलाविभागात दाखल झाले. गोविंद निहलानींची 'तमस' त्यांनी केली ती रॉय यांचे चौथे सहाय्यक म्हणून. चौथा सहाय्यक म्हणजे काय, हे सेटवर वावरलेल्यालाच कळेल. पुढे 'कबीर', मग 'चाणक्य'. आणि 'चाणक्य' अर्ध्यावर असतानाच सहाय्यकाचे ते स्वतंत्र कलादिग्दर्शक झाले. मधली काही वर्षे निव्वळ गुरूच्या हाताखाली गेली होती. '१९४२ अ लव्ह स्टोरी', 'लगान', 'देवदास' आणि कलादिग्दर्शनाचे चार राष्ट्रीय पुरस्कार ही त्यानंतरची गोष्ट. ज्या माणसाने शिकाऊपणातून एवढे उभे केले, त्याच्याच वास्तूत शिकाऊंना कायमची जागा असावी, ही मागणी त्यामुळे अधिकच रास्त वाटते.

पाहुण्यांचे व्याख्यान आणि बारा तासांची शिफ्ट

आता थोडे आजच्या माध्यम-शिक्षणाविषयी. मुंबई विद्यापीठाने साधारण २००० च्या सुमारास 'बीएमएम' सुरू केले आणि पुढे २०१९च्या सुमारास त्याचे नाव बदलून 'बीएएमएमसी' झाले. रायगड जिल्हा याच विद्यापीठाच्या कक्षेत येतो. या अभ्यासक्रमांत 'तज्ज्ञांशी संवाद' हा हमखास कार्यक्रम असतो. कुणी नट, दिग्दर्शक किंवा वृत्तनिवेदिका येते, तास-दीड तास बोलते, मुले टाळ्या वाजवतात, सेल्फी काढतात. मुलांचा हुरूप वाढतो, हे मान्य. पण यातून काम शिकता येते, असा समज शिक्षकांनी करून घेऊ नये आणि पालकांनी तर मुळीच नाही.

काम शिकणे म्हणजे काय, ते पाहू. सेटवर शिफ्ट बारा तासांची. त्यातले निम्मे तास वाट पाहण्यात जातात. लाइटमन दिवे हलवत असतात, मेकअपदादा घाम टिपत असतात. या वाट पाहण्यातच शिकणारा शिकतो. कंटिन्युइटीची वही सांभाळणाऱ्या मुलीला दिसते, की सकाळच्या शॉटमध्ये नायिकेच्या डाव्या मनगटावर चार बांगड्या होत्या आणि दुपारी तीनच आहेत. ती चूक संकलकाच्या टेबलावर सापडली तर फार महाग पडते, हे तिला कुणी फळ्यावर लिहून शिकवावे लागत नाही. कलाविभागात आधी रेखाटन, मग मापाचा नकाशा, मग लहान प्रतिकृती, मग सुतार, मग प्लॅस्टरचे साचे काढणारे मोल्डर, शेवटी रंगारी. तो नव्या कोऱ्या भिंतीला चारशे वर्षांची करतो. ओल कुठे धरेल, पायऱ्या कुठे झिजतील, मशालीची काजळी किती उंचीवर बसेल याचा विचार करून. हे ज्ञान कुठल्याही पुस्तकात पुरते उतरलेले नाही. ते कारागिरांच्या हातात आहे, आणि पुढच्या पिढीने हाती घेतले नाही तर त्यांच्याबरोबरच जाईल. संगणकावरच्या पार्श्वभूमींनी सेटची गरज संपेल, असे सांगणारे बरेच भेटतात. पण संगणकावर किल्ला उभा करणाऱ्यालाही दगड म्हातारा कसा होतो हे माहीत असावेच लागते.

मालिकांची शाळा आणखी वेगळी. रोज साधारण एका भागाचे चित्रण संपवायचे, म्हणजे वीस-बावीस मिनिटांचा माल हातावेगळा करायचा. सिनेमावाले याला नाके मुरडतात. मला विचाराल तर नवशिक्याने आधी सहा महिने मालिकेवर काढावेत. निर्णय झटपट घ्यायची आणि उद्याचे पान आज रात्री हाती आले तरी न गोंधळण्याची सवय तेथे लागते.

स्टुडिओ शेजारी असून जमत नाही, आणि स्टुडिओ नसूनही जमते, याचे उदाहरण नगरचे, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचे. तेथे ना चित्रनगरी ना ताऱ्यांचे बंगले. पण न्यू आर्ट्स महाविद्यालयात संज्ञापन अभ्यासाचा विभाग होता. करमाळ्याकडचे नागराज मंजुळे तेथे शिकले, आणि त्यांचा 'पिस्तुल्या' हा लघुपट तेथल्या विद्यार्थिदशेतला. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 'ख्वाडा'चे भाऊराव कऱ्हाडेही त्याच विभागातले. जिल्ह्याच्या ठिकाणी मराठीतून शिकणाऱ्या मुलांना यंत्र हाती मिळाले, चुका करायला मोकळीक मिळाली आणि आपल्याच गावची गोष्ट सांगण्याजोगी आहे असे सांगणारे कुणी भेटले, एवढ्यावर हे झाले. इकडे कर्जत-खालापुरात गोष्टींची वाण नाही. माथेरानचे भाई कोतवाल आणि त्यांचे साथी हिराजी पाटील २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर इंग्रजांच्या गोळीला बळी पडले. बोरघाटाचा रेल्वेमार्ग बांधताना किती मजूर मेले याची नीट मोजदादही नाही. कातकऱ्यांचे वीटभट्टीसाठीचे स्थलांतर दर वर्षी डोळ्यांसमोर घडते आहे.

मुलीला पाठवावे का?

घरोघरी पालकांचा प्रश्न मात्र याहून साधा असतो : यात पोट भरते का, आणि मुलीला पाठवावे का?

पहिल्याचे उत्तर : भरते, पण दरमहा एक तारखेला नाही. काम प्रकल्पागणिक मिळते. नवा मुलगा 'शिकायला मिळते ना?' या सबबीखाली महिनोन्महिने फुकट राबवला जातो आणि शिकणे कुठे संपले, वेठ कुठे सुरू झाली हे त्यालाही कळत नाही. त्यात संघटनांच्या कार्डाचा प्रश्न. प्रत्येक कामाची वेगळी संघटना, सदस्यत्वाची फी, शिफारसी. या संघटनांमुळे कामगारांना वेळेचे आणि मजुरीचे काही संरक्षण मिळाले, हे विसरून चालणार नाही. पण सदस्य नसलेल्याला कामच करू द्यायचे नाही, या पद्धतीवर भारतीय स्पर्धा आयोगाने २०१७ साली ठपका ठेवला होता, हेही खरे. शिकाऊ विद्यार्थ्यासाठी तात्पुरत्या, कमी शुल्काच्या कार्डाची तोड महामंडळ आणि संघटना बसून काढू शकतात.

पैशाची वाटही अगदीच बंद नाही. राज्य सरकारची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ साली सुरू झाली तेव्हा बारावी झालेल्यास सहा, आयटीआय किंवा पदविकाधारकास आठ आणि पदवीधरास दहा हजार रुपये दरमहा विद्यावेतन ठरले होते. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे प्रत्यक्ष कामावरच्या प्रशिक्षणाला श्रेयांकही आहेत. त्यासाठी महाविद्यालये जागा शोधत फिरतात. खोपोलीच्या कॉलेजने त्यासाठी अंधेरीच्या कंपनीला पत्र लिहावे आणि दहा-पंधरा किलोमीटरवरच्या सरकारी स्टुडिओला लिहू नये, याला काय म्हणावे?

दुसऱ्या प्रश्नाला उडवून लावणे बरे नव्हे. केरळातल्या हेमा समितीचा अहवाल २०१९ मध्ये सरकारला सादर झाला आणि ऑगस्ट २०२४ पर्यंत दाबून राहिला. बाहेर आला तेव्हा मल्याळी सिनेमातल्या स्त्रियांना साध्या स्वच्छतागृहापासून अब्रूपर्यंत कशाकशाशी झगडावे लागते ते देशाला कळले. मराठी-हिंदी सेटवर सारे आलबेल आहे, असे कुणी छातीठोक सांगू नये. २०१३ च्या कायद्याने दहा किंवा अधिक माणसे काम करतात त्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत तक्रार समिती बंधनकारक आहे. सरकारी महामंडळाच्या आवारात चित्रीकरण करणाऱ्या प्रत्येक निर्मात्याकडून ती समिती, मुलींसाठी स्वतंत्र खोली आणि रात्रीचे चित्रण संपल्यावर घरापर्यंत गाडी, या गोष्टी भाडेकरारातच लिहून घेता येतात. चौकहून कर्जतला रात्री अकराला जायचे तर काय मिळते, हे तेथे राहणाऱ्यांना विचारावे.

करार उघड्यावर

सरकारी जागेत चित्रपट-शिक्षण हा प्रयोग महामंडळाला नवा नाही. गोरेगावच्या चित्रनगरीत वीस एकर जमिनीवर सुभाष घई यांच्या कंपनीबरोबर भागीदारीत शिक्षणसंस्था उभी राहिली, आणि २०१२ साली मुंबई उच्च न्यायालयाने तो जमिनीचा करार बेकायदा ठरवला. संस्थेत चांगले शिकवले जाते की नाही, हा तेथे प्रश्न नव्हता. सार्वजनिक जमीन कुणाला, कोणत्या अटींवर, कुठल्या प्रक्रियेने दिली हा होता. खालापूरलाही उद्या कुणी खासगी संस्था काही लाख रुपये फी लावून 'अकादमी' काढायला पुढे आली, तर जागा कशी दिली आणि तालुक्यातल्या मुलांना किती जागा, कोणत्या फीत, हे आधी जाहीर व्हायला हवे. महामंडळाकडे कोल्हापूरची चित्रनगरीही आहे. बाबूराव पेंटरांच्या गावात ती किती वर्षे ओस पडून होती, हे कोल्हापूरकर विसरलेले नाहीत.

मे २०२५ मध्ये मुंबईत 'वेव्हज' संमेलन झाले. त्याच सुमारास केंद्राने सुमारे चारशे कोटींची सर्जनशील तंत्रज्ञानाची राष्ट्रीय संस्था मुंबईला दिली. आनंद आहे. पण ही मोठी संस्था पेडर रोडवर उघडते तेव्हा नेरळ, कळंब, वावोशीच्या मुलाला ती दिसते ती मोबाइलच्या पडद्यावर. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटने २०१७ पासून गावोगावी अल्पमुदतीचे वर्ग नेले, ती चाल इथे जास्त उपयोगी. आठ-दहा दिवसांचा ध्वनीचा वर्ग, तीन आठवड्यांचा कलाविभागाचा वर्ग. शिकवणारे अर्धे इन्स्टिट्यूटचे, अर्धे सेटवरचे मोल्डर आणि लाइटमन, त्यांना व्याख्यात्याचेच मानधन देऊन. शिकवणे मराठीतून. आज कॅमेऱ्याची पुस्तिका इंग्रजीत आणि सेटवरचा हुकूम हिंदीत, यात गावच्या मुलाचे पहिले सहा महिने नुसते ऐकण्यात जातात.

यासाठी नवी इमारत लागणार नाही. मे २०२१ मध्ये लागलेल्या आगीत 'जोधा अकबर'च्या सेटची मोठी हानी झाली होती. जे सेट उभे आहेत त्यांना दर वर्षी कोकणचा पाऊस झोडपतो. प्लॅस्टर फुगते, रंगाचे पापुद्रे सुटतात, लाकडी सांगाडे कुजतात. पावसाळा सरला की दिवाळीच्या आसपास डागडुजीला हात घालावाच लागतो, आणि त्यासाठी कारागीर आणावे लागतातच. त्यांच्याबरोबर कर्जत-खोपोलीच्या कॉलेजांतली दहा मुले-मुली महिनाभर उभी करायची. मापे घ्यायला, साचे काढायला, रंग कालवायला. आणखी दोघा-तिघांनी त्या साऱ्या कामाचे चित्रण करायचे. महामंडळाचे एक पत्र आणि प्राचार्यांची एक सही, एवढ्यावर पहिली तुकडी याच नोव्हेंबरात आत जाऊ शकते.